मेक्सिकोत चालून दाखवणे

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलं, की आत्याने केस इतके बारीक का कापलेत. तुमचे बाबा म्हणाले, "फॅशन आहे." ते खोटं आहे. बाबांचा त्यात फारसा दोष नाही. आमच्या घरात ही सवय जुनी आहे आणि ती मी, तुमच्या आजीने, लावलेली आहे. म्हणून हे लिहिते. तुमच्या शनिवारच्या मराठीच्या वर्गामुळे तुम्हाला एवढं वाचता येत असेल असं धरून चालते. अडलं तर बाबांना विचारा. त्यांच्याकडूनही वाचलं जाईल.

आत्याला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे. शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते, ती यात स्वतःच्याच मज्जातंतूंवरचं आवरण खाऊ लागते. उंदराने वायरीचं प्लास्टिक कुरतडल्यावर घरात जे होतं तेच होतं. कधी दिवा लागतो, कधी लुकलुकतो, कधी लागत नाही. सहा वर्षांपूर्वी आत्याचा डावा डोळा अंधुक झाला आणि तीन आठवड्यांनी सुधारला. मग डावा पाय ओढल्यासारखा होऊ लागला. ती तेव्हा ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होती, अजूनही शिकवते. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा मी पर्समधून पेन काढून त्याचं स्पेलिंग लिहून घेतलं. मी जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या क्षणी मला येत होतं ते एवढंच.

सोलापूरला परतताना गाडीत कुर्डुवाडी यायच्या आत मी ठरवून टाकलं, की हे कोणाला सांगायचं नाही. आत्याला विचारलं नाही. तिच्या लग्नाचं बघत होतो आणि तुमचे आजोबा नुकतेच गेले होते. घरात निर्णय घेणारी मी एकटी होते, त्यामुळे निर्णय भराभर होत असत.

पुण्याला तपासणीला जाताना शेजारच्या वहिनींना मी साड्यांच्या खरेदीचं कारण सांगे. दोन वर्षांत मी सात-आठ वेळा साड्या घ्यायला गेले आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने आले.

या आजाराला उष्णता सोसत नाही. ही गोष्ट आम्हाला सोलापुरात राहून कळली. मार्च ते जून, अकरा वाजले की आत्याचा डावा पाय जमिनीवरून उचलायचा थांबे. संध्याकाळी गार पाण्याने आंघोळ केली की पुन्हा बरा चाले. यावरून मी एक पद्धत बसवली. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सकाळी साडेआठची वेळ द्यायची. त्याआधी दोन दिवस आत्याने पडून राहायचं. पाहुणे यायच्या आधी अर्धा तास पाय गार पाण्यात. पोह्यांचा ट्रे मी नेणार, ती मागून रिकाम्या हाताने येणार. स्वयंपाकघरापासून पहिल्या खुर्चीपर्यंत चौदा पावलं. आम्ही ती मोजून ठेवली होती.

एका स्थळाच्या वेळी मुलाची मावशी म्हणाली, "बाळ, तुमची तुळस छान आहे गं. गॅलरीतून जरा मंजिऱ्या आण बरं." तिला मंजिऱ्या नको होत्या, चाल बघायची होती. माझ्या वेळी सरळ "चालून दाखव" म्हणत. आता शिक्षण वाढल्यामुळे तुळस मध्ये घेतात. आत्या गॅलरीत गेली, मंजिऱ्या घेऊन आली, कुठेही अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी पसंतीचा निरोप आला. तिसऱ्या दिवशी आत्याने मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं आणि पुन्हा निरोप आला नाही. त्यानंतर मी स्थळं बघणं सोडलं. पद्धत सोडली नाही.

पुढे आणखी दोनदा आजार उसळला. एकदा हाताची बोटं बधिर झाली, एकदा दोन्ही पाय. दोन्ही वेळा आम्ही पुण्याला गेलो नाही. तिथे पाच दिवस दाखल होऊन सलाईनमधून औषध घ्यावं लागलं असतं आणि साड्यांच्या खरेदीला पाच दिवस लागत नाहीत. पडदे ओढून, ओला टॉवेल अंगावर घेऊन आत्या घरीच पडून राहिली. कॉलेजला टायफॉइड कळवला. टायफॉइडबद्दल आपल्याकडे कोणी पुढे विचारत नाही. पाय सुधारले, पण दर वेळी थोडे कमी सुधारले.

मेक्सिकोतला उपचार आत्याने स्वतः शोधला. रक्तातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून बाजूला ठेवायच्या. मग जबर औषधाने ती चुकलेली राखणदार व्यवस्था मोडून काढायची आणि मूळपेशी परत सोडून ती नव्याने उभी करायची. गेलेलं परत येईल असं कोणी सांगत नव्हतं. पुढचं जाणं थांबावं, एवढीच आशा. आजार चालू असेपर्यंत आणि माणूस स्वतःच्या पायावर असेपर्यंतच हे करण्यात अर्थ असतो. त्यामुळे फार उशिरा आलेल्याला ते परत पाठवतात आणि ज्याचा आजार शांत आहे त्यालाही परत पाठवतात. हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पट्टी धरून अधोरेखितही केलं होतं.

तुमच्या बाबांनी तिकिटं काढली आणि सोबत मी गेले. कस्टमच्या माणसाने माझ्या डाळी ठेवून घेतल्या. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडून त्याने वास घेतला, सहकाऱ्याला दिला, आणि दोघांनी झाकण घट्ट लावून डबा परत केला. दवाखाना होता ते शहर उंच पठारावर आहे. सकाळी स्वेटर लागे. रस्त्याच्या कडेला बायका मक्याच्या भाकऱ्या भाजत बसत आणि त्यांच्या शेजारी राजगिऱ्याच्या वड्या विकायला असत, हुबेहूब आपल्यासारख्या. माझ्या चतुर्थीची सोय झाली.

रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय झाले. तिसऱ्या दिवशी मुख्य डॉक्टर आत्याला तपासणार होत्या आणि त्यावरून उपचार द्यायचा की नाही हे ठरणार होतं. मी कामाला लागले. आत्याला दोन दिवस पलंगावरून उठू दिलं नाही. सकाळची पहिली वेळ मागून घेतली. पाय गार पाण्यात ठेवले. सलवार-कमीजला इस्त्री केली. निघताना सांगितलं, "समोर बघ. पायाकडे बघू नकोस."

"आई, हा दवाखाना आहे," आत्या म्हणाली.

"म्हणून काय झालं? लोकच आहेत ना?"

डॉक्टर एक ठेंगण्या बाई होत्या, पायात पळण्याचे बूट. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "कशी आहेस?"

"छान. थँक यू. तुम्ही कशा आहात?" आत्या म्हणाली.

हे उत्तर मी पाचवीपासून मुलींकडून घोकून घेत असे. आत्या त्याच शाळेत होती.

मग डॉक्टर एकेक विचारत गेल्या. पडतेस का? आत्याने माझ्याकडे बघितलं. "क्वचित," मी सांगितलं. लघवी आवरायला त्रास होतो का? खोलीत एक पुरुष मदतनीस होता. "नाही," मी सांगितलं. शेवटचा झटका, म्हणजे आजाराची उसळी, कधी आली? मी फाइल उघडून पुण्याचा कागद दाखवला. चार वर्षांपूर्वी. कागद खरा होता. मग आत्याला लांब कॉरिडॉरमधून चालायला सांगितलं आणि मदतनीसाने घड्याळ लावलं. आत्या पलीकडच्या दारापर्यंत गेली, वळली, परत आली. पाठ ताठ, पावलं सरळ. मी मनात म्हटलं, शाबास.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. "चांगली बातमी आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत झटका नाही. चालणं उत्तम. एमआरआयमध्ये जुन्या फिल्मपेक्षा मेंदूवरचे डाग जास्त आहेत, पण ती फिल्म इतकी जुनी आहे, की ते केव्हा वाढले सांगता येत नाही. या उपचारात जिवाला धोका असतो. आजार शांत असताना मी तो धोका तुला पत्करू देणार नाही. घरी जा, गोळ्या चालू ठेव."

मी त्यांचे आभार मानले. शिस्तच तशी आहे.

खोलीवर आल्यावर आत्या पलंगाच्या कडेला बसली. रडली नाही. म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं. पसंत पडले मी."

"तसं नको बोलूस."

"तुळस नव्हती म्हणून, नाहीतर मंजिऱ्या पण आणल्या असत्या. ती मला विचारत होती आई, आणि उत्तरं तू देत होतीस."

"मला वाटलं तुला इंग्रजीत पटकन सुचत नाहीये."

"मी इंग्रजीतून एम.एस्सी. केलंय."

ती पुढे म्हणाली, "वर्षभरात मी जिना चढू शकणार नाही. दोन वर्षांनी फळ्यापाशी उभी राहू शकणार नाही. तेव्हा परत आलो तर म्हणतील, उशीर झाला. आणि मी किती वेळा पडते ते तुलासुद्धा माहीत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मी रोज एक ओळ डायरी लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यावरून मला हसताही. आत्या पडली, की त्या दिवसाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक ठिपका देत असे. ती डायरी मी बॅगेतून काढली. मागच्या वर्षाची पण होती. आत्याने पानं उलटली. तिला वाटत होतं, ती हे माझ्यापासून लपवते आहे. मला वाटत होतं, मला माहीत आहे हे तिच्यापासून लपवलेलं बरं.

"बाथरूममधलं पण?" तिने विचारलं.

"आवाज येतो."

तिने एप्रिलचे ठिपके बोटाने मोजले. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये दोन कमी आहेत. कॉलेजात पडले होते."

पेन्सिल मी तिच्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता आम्ही वेळ न घेता डॉक्टरांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी वेळ न घेता कोणाकडे गेले. मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुम्हाला फसवलं. माझ्या वर्गात मुलीने असं केलं असतं तर मी तिला नापास केलं असतं." मग मी खुर्चीत गप्प बसले आणि आत्याने सांगितलं. न कळवलेले दोन झटके, महिन्यांसकट. पडणं. कॉलेजच्या स्वच्छतागृहाच्या जवळचाच वर्ग मागून घ्यावा लागतो, हे. मदतनीस तोच होता. तो शांतपणे लिहून घेत होता. त्यातल्या काही गोष्टी मी त्याच्याबरोबरच पहिल्यांदा ऐकल्या.

शेवटी मी एवढंच म्हटलं, "आणि तुम्ही तिला चुकीच्या हवेत बघताय. आमच्याकडे बेचाळीस अंश असतं."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. दवाखान्याच्या मधोमध फरशीचा मोठा चौक होता आणि त्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं होतं. "चल," त्या आत्याला म्हणाल्या. "जमेल तितके फेरे. आज गार पाणी नाही." मग मला म्हणाल्या, "तुम्ही या बाकावर बसा. मदत करायची नाही."

आत्याच्या कमरेला पट्टा बांधून एक फिजिओथेरपिस्ट मागे चालू लागला, पण त्याने पट्टा सैल सोडला होता. चौकात बरेच लोक होते. नातेवाईक, रखवालदार, डबा खात बसलेल्या दोन नर्स. पहिला फेरा चांगला झाला. दुसऱ्या फेऱ्यात डाव्या चपलेचं टोक फरशीवर घासल्याचा आवाज येऊ लागला. तो आवाज मी चार-पाच वर्षं टीव्ही मोठा करून झाकत आले होते. तिसऱ्या फेऱ्यात तिने खांब धरला, सोडला, पुढे गेली. नर्सनी खाणं थांबवलं. चौथ्या फेऱ्यात तिचा गुडघा मुडपला. मी उठले. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. उंचीच्या मानाने त्या बाईंच्या हातात जोर फार होता.

फिजिओने पट्टा आवळला, त्यामुळे आत्या आपटली नाही. पण उभीही राहिली नाही. चौकाच्या मध्यभागी फरशीवर बसली, पाय वाकडा. सगळे बघत होते. तिने मान वर केली आणि तिथून मराठीत ओरडून म्हणाली, "आई, बघ गं! सगळे बघतायत! काही होत नाही!"

रखवालदाराने टोपी काढली. त्याला काय वाटलं कोण जाणे.

डॉक्टरांनी पुढचे दोन दिवस आणखी तपासण्या केल्या, पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, डायऱ्यांच्या पानांचे फोटो घेतले आणि मग उपचार द्यायचं ठरवलं. मला म्हणाल्या, "हे तुमच्या डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं असतं, तर ही दीड-दोन वर्षं आधी इथे आली असती." आवाज वाढवला नाही. तो वाढवला असता तर बरं झालं असतं.

उपचाराबद्दल आत्या म्हणते, फार लिहू नकोस, मुलं घाबरतील. थोडं लिहिते. आधी औषध, मग रोज इंजेक्शनं. त्यांनी हाडं ठणकत. मग गळ्यापाशी नळी घालून रक्त एका यंत्रातून फिरवलं आणि मूळपेशी वेगळ्या काढल्या. मग पुन्हा जबर औषध. केस गळू लागले, तेव्हा आत्याने स्वतः जाऊन डोकं तासून घेतलं. मला विचारलं नाही, आल्यावर दाखवलं. मूळपेशी एका लहानशा पिशवीतून परत दिल्या. सगळं मिळून अर्धा तास. मी मनाशी मोठ्या समारंभाची तयारी केली होती.

त्यानंतरचे दिवस खरे जिकिरीचे होते. अंगात प्रतिकारशक्ती अजिबात नाही, आणि दोन खोल्यांत आम्ही दोघी. बाहेरचा माणूस नाही, फुलं नाहीत, कच्चं काही नाही, प्रत्येक भांडं उकळून, हात दर थोड्या वेळाने धुऊन, बाहेरचे कपडे दाराशी उतरवून. माझ्या सासूबाईंच्या सोवळ्याला मी लग्नापासून हसत आले. तिथे मी ते त्यांच्यापेक्षा कडक पाळलं, मास्क लावून. एका दुपारी आत्याला ताप भरला. पूर्वीची मी असते तर आधी पडदा ओढला असता. मी थर्मामीटर हातात धरूनच दवाखान्याला फोन केला. ताप दोन दिवसांत उतरला.

सोलापूरला परतल्यावर आत्या म्हणाली, "वहिनींना तू सांगायचंस. मी नाही." मी चहाला बोलावलं, त्यांना बसवलं आणि शाळेत निकाल जाहीर करावा तसं सगळं क्रमाने सांगितलं. वहिनींनी बशीतला चहा संपवला.

"बाई, आमाला ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "चार वर्सं झाली."

"कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? पोरगी जिना कसा उतरती ते दिसत न्हाय व्हय? आमच्या गल्लीत समद्यास्नी म्हाईत हाय."

"मग विचारायचंत तरी."

"तुमी लई कडक बाई. तुमाला कोन विचारनार? मी ह्यांना म्हनलं, त्यास्नी झाकायचं असंल तर आपन बघायचं न्हाय." मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "डोकं ग्वाड दिसतंय बग तुजं."

म्हणजे गुपित गल्लीनेच सांभाळलं होतं, आमच्यापेक्षा नीट. मला आणखी एक कप चहा लागला.

आता दहा महिने झाले. सहा महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये नवा डाग नाही. आजार थांबला असं अजून कोणी लिहून दिलेलं नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, बघत राहू. डावा पाय होता तसाच आहे. उन्हात अजून घासतो. आत्या काठी घेऊन कॉलेजला जाते आणि खुर्चीत बसून शिकवते. केस आता वाढू देत नाही, तिला असेच आवडतात. एवढ्यापुरतं बाबांचं खरं आहे.

सुट्टीत तुम्ही याल, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. आत्या हळू चालेल. तुम्हीही हळू चाला, पण तिच्यासाठी हळू चालतोय असं दाखवू नका. ती पडली तर धावायचं नाही. आधी विचारायचं, "हात देऊ का?" नाही म्हणाली तर थांबायचं. तुम्हाला हे लवकर जमेल. मला अजून जमत नाही.

गेल्या गुरुवारी ती फाटकापाशी पडली. दूधवाला होता, वहिनी त्यांच्या ओसरीवर होत्या. मी पायरीवरून विचारलं, "येऊ का?" ती म्हणाली, "नको." काठी जरा लांब पडली होती. तिने आधी बसून श्वास घेतला, मग सरकत जाऊन काठी ओढली, मग फाटकाचा गज धरला. बराच वेळ लागला. वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी निवडणं थांबवलं नाही. आत्या उठली, ओढणी झटकली आणि रिक्षात बसून कॉलेजला गेली.

मी पायरीवरच होते. मग आत आले आणि थोडा वेळ ओट्याला धरून उभी राहिले.